गिधाडे मोजून काय साधते?

प्रश्न : पूर्वी आमच्याकडे मेलेले जनावर माळावर टाकले की तासाभरात गिधाडे उतरत असत. आता वर्षभरात एखादे दिसले तरी नवल वाटते. मोजणीसाठी मात्र दुर्बिणी घेऊन मंडळी नेमाने येतात. तोच खर्च गिधाडांना खाऊ घालण्यावर का करू नये?
– एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : आपला त्रागा समजण्यासारखा आहे, परंतु गिधाडे उपासमारीने मेली नाहीत, हे कळले तेच मुळी मोजणीमुळे. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्यांची घरटी मोजली गेली होती. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी तेथे पुन्हा पाहणी केली, तेव्हा बहुतेक घरटी ओस पडली होती आणि काही मेलेली गिधाडे झाडांवरच लटकलेली होती. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९९१ ते १९९३ या काळात देशातील अनेक रस्त्यांवरून फिरून केलेल्या नोंदी सुदैवाने जपून ठेवलेल्या होत्या. त्याच मार्गांवर २००० मध्ये आणि नंतरही मोजणी झाली, आणि १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारातून जेमतेम एक उरल्याचे दिसले. जुन्या वह्या नसत्या, तर 'पूर्वी पुष्कळ होती' एवढेच म्हणत आपण बसलो असतो.

या आकड्यांनी संशयाची दिशाही बदलली. खाद्य मुबलक असलेल्या संरक्षित क्षेत्रांतही घट तेवढीच होती आणि वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या या पक्ष्यातील प्रौढ नर-माद्याही मरत होत्या. त्यामुळे अन्नटंचाई किंवा वृक्षतोड ही कारणे पुरेशी ठरेनात. पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या शवविच्छेदनात आतील अवयवांवर यूरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर आढळला आणि २००४ मध्ये संशोधक लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी त्याचे मूळ डायक्लोफिनॅक या गुरांच्या वेदनाशामकात असल्याचे दाखवून दिले. भारतात २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. एक टक्क्याहूनही कमी मृत जनावरांत हे औषध असले, तरी एवढा ऱ्हास होऊ शकतो, असे गणित मांडले गेले होते. प्रत्यक्षात बंदीपूर्वी तपासलेल्या दहांपैकी सुमारे एका जनावरात ते सापडत होते. बंदीनंतर हे प्रमाण उतरले आणि घटीचा वेगही मंदावला, हेसुद्धा पुन्हा मोजल्यावरच समजले.

खाऊ घालण्याचा उपाय वाईट नाही. मात्र औषध दिलेले जनावर तेथे पोहोचले, तर मेजवानीच जीवघेणी ठरते. म्हणून मरण्याआधीच्या आठवड्यात वेदनाशामक टोचलेले जनावर उघड्यावर न टाकता पुरावे, आणि आपल्या पशुवैद्यांना गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेल्या मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाविषयी जरूर विचारावे. पुढच्या वेळी मोजणीची मंडळी आली, तर त्यांच्याबरोबर माळावर जावे. गिधाड दिसले नाही, तर वहीत तारीख, वेळ, ठिकाण आणि त्यापुढे शून्य लिहावे, कारण शून्य हीदेखील नोंदच असते.