हात थरथरला म्हणजे ब्लफ?

प्रश्न : पोकरमध्ये शेवटच्या पत्त्यावर प्रतिस्पर्ध्याने थरथरत्या हातांनी ऑल-इन केले, म्हणजे आपल्या सगळ्या चिप्स (पैजेच्या चकत्या) लावल्या. मी ब्लफ (हलके पत्ते असताना भारी असल्याचा आव) समजून कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावल्या, आणि हरलो. माझे कुठे चुकले?

उत्तर : हातांची थरथर ही भीतीपेक्षा बहुधा भारी पत्ते आल्याच्या उत्तेजनेची खूण असते, त्यामुळे तिच्यावरून ब्लफ ठरवू नये. आधी हिशेब करावा. पॉटमध्ये (डावावर जमलेल्या रकमेत) ६,००० चिप्स असताना त्याने ६,००० लावले, तर एकूण १८,००० साठी आपण ६,००० घालतो, म्हणजे तीनपैकी एकदा जिंकलो तरी कॉल तोट्याचा ठरत नाही. मग फ्लॉपपासूनच्या (टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांपासूनच्या) त्याच्या चाली आठवाव्यात. तोवर निमूटपणे कॉल करणारा खेळाडू टेबलावर तिसरे बदाम पडताच सर्वस्व लावत असेल, तर माझ्या मते फ्लशच (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) धरावा. मात्र बदामचा एक्का आपल्याच हाती असेल, तर एक्क्याचा फ्लश त्याच्याकडे असूच शकत नाही आणि ब्लफची शक्यता थोडी वाढते.