मुद्रकाकडे केव्हा जावे?

प्रश्न : मी ग्राफिक डिझायनर आहे. एका कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठासाठी मी गडद निळी पार्श्वभूमी योजली होती. पडद्यावर ती झळाळत होती, पण अनकोटेड (वर लेप नसलेल्या) कागदावर निळा रंग जांभळट आणि मलूल उतरला. मुद्रक फाइलला दोष देतात, मला छपाईत खोट वाटते. पुढच्या पुस्तकात त्यांच्या साहाय्याने काही वेगळे करून पाहायचे आहे. त्यांना कामात केव्हा सामील करून घ्यावे?

उत्तर : तुमच्या वर्णनावरून दोष फाइलचा किंवा छपाईचा म्हणण्यापेक्षा क्रमाचा वाटतो : कागद ठरण्यापूर्वीच रंग पक्का झाला. पडदा प्रकाश फेकून रंग दाखवतो, तर छापील शाई कागदावरून परतणाऱ्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेते; त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत निळा चाररंगी छपाईच्या आवाक्यात मुळातच नसतो. पडद्यावरच्या रंगाचे शायांत रूपांतर होताना सायनच्या (निळसर शाईच्या) जोडीला मॅजेंटा (किरमिजी शाई) जास्त आला की तो जांभळ्याकडे झुकतो, आणि अनकोटेड कागद शाई पीत असल्याने उरलीसुरली झळाळीही उतरते. त्या कागदाचे रंग-प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतील हे संगणकाला सांगणारी फाइल) मुद्रकाकडून आधी मागून घेतले असते, तर हे बऱ्याच अंशी पडद्यावरच दिसले असते.

तेव्हा पुढच्या वेळी पूर्ण झालेली फाइल नव्हे, तर कच्चे रेखाटन घेऊन मुद्रकाकडे जा. तीन मिलिमीटरच्या ब्लीडसारख्या (कापणीसाठी पानाच्या कडेबाहेर वाढवलेल्या छपाईसारख्या) गोष्टी नंतरही सांगता येतात. कागद, शाया आणि घडी यांची चर्चा मात्र आधीच व्हायला हवी, कारण खरी सर्जनशीलता तिथे आहे. उदाहरणार्थ, 16 पानी फर्म्याच्या (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या संचाच्या) प्रचलित घडीत कागदाच्या एका बाजूवर 1, 4, 5, 8, 9, 12, 13 आणि 16 ही पाने येतात. केवळ त्या बाजूवर दुसरा रंग छापला, तर एकाच जादा प्लेटमध्ये (छपाईच्या पत्र्यात) आठ पाने रंगीत होतात आणि 4-5, 8-9, 12-13 ही समोरासमोरची पाने पूर्ण रंगीत मिळतात. कवितांचा क्रम त्यानुसार लावणे हे डिझायनरचे काम. पण ही शक्यता आहे, हे बहुधा मुद्रकच सांगेल.

चार रंगांऐवजी दोन खास शायाही वापरून पाहा. पिवळीवर पारदर्शक निळी शाई छापली की तिसरा, हिरवट रंग मिळतो. मात्र फाइलमध्ये निळ्याला ओव्हरप्रिंट (खालच्या रंगावर थेट छापण्याची सूचना) द्यायला विसरलात, तर त्याच्याखालचा पिवळा कापला जातो, हिरवा हातचा जातो आणि प्लेट किंचित सरकली तरी पांढरी रेघ डोकावते. कोणती शाई आधी छापायची, ती वाळायला किती वेळ द्यायचा, हे मुद्रकाच्या अनुभवावर सोडावे. (नेदरलँड्समधील ग्रोनिंगनचे हेन्ड्रिक वेर्कमन हे मुद्रकच चित्रकार होते, आणि शाईचा रोलर ते थेट कागदावर फिरवत. त्यांना ही चर्चा स्वतःशीच करता येई. आपल्याला ती दोघांत घडवून आणावी लागते.)

प्रूफ प्रत्यक्ष छपाईच्या कागदावरच मागा आणि पहिले कागद निघताना यंत्रापाशी हजर राहा. तिथे शाईचे प्रमाण थोडे कमी-जास्त करता येते, मांडणी बदलता येत नाही. अशा चाचण्यांत मुद्रकाचा वेळ, कागद आणि प्लेट खर्च होतात, म्हणून त्यांची तरतूद ग्राहकाला देण्याच्या अंदाजपत्रकात पहिल्यापासूनच वेगळी दाखवावी.