तुम्ही विचारा : फॉरेनचं टाय-अप आणि बॉर्डरपलीकडच्या गोळ्या

प्रश्न : मॅडम, मुलगीचं बीएस्सी नर्सिंग झालंय, आता पब्लिक हेल्थ करायचं म्हणतेय. एका कॉलेजच्या जाहिरातीत फॉरेन युनिव्हर्सिटीशी टाय-अप असं मोठ्या अक्षरात आहे आणि फी पण तशीच मोठी. तिचे मामा म्हणतात, एचआयव्हीचं काम फॉरेनवाल्यांकडनं काय शिकायचं, त्यांना आपल्याकडचं काय कळतंय? – एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, मामांचं अर्धं बरोबर आहे. पण त्यांना सांगा, २००१ ला कॅनडातली मॅनिटोबा युनिव्हर्सिटी आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात एचआयव्हीचं काम करत होती, पैसा कॅनडा सरकारचा. आणि ही मंडळी काय तिकडं कॅनडात विनिपेगमध्ये बसून पुस्तकं वाचून आली नव्हती, १९८० च्या सुमारापासनं नैरोबी युनिव्हर्सिटीबरोबर केनियात काम करत होती, तिथल्या सेक्स वर्कर बायकांनी त्यांना बरंच काही शिकवलं होतं. पुढं २००३ ला राज्याच्या एड्स सोसायटीला धरून कर्नाटक हेल्थ प्रमोशन ट्रस्ट निघाला, गेट्स फाउंडेशनच्या आवाहन या एचआयव्ही रोखायच्या प्रकल्पात आपला बेळगाव जिल्हा पण आला.

पण नैरोबीतलं इथं जसंच्या तसं लावून भागणार नव्हतं, मामांचं बरोबर आहे ते इथं. मुलगीला देवदासी म्हणून देवाला सोडायला बंदी करणारा कर्नाटकचा कायदा १९८२ चा आहे, तरी चाल लगेच थोडीच जाते, आणि देवदासी चालीतनं सेक्स वर्कमध्ये आलेल्या बायका बहुतेक आपल्या गावात, आपल्याच घरात राहणाऱ्या, त्यामुळं शहरातली एखादी गल्ली धरून तिथं क्लिनिक टाकलं की झालं असं नाही, गावोगाव जावं लागतं, आणि परक्या माणसाला दार कोण उघडतंय? म्हणून त्यांच्यातल्याच बायकांना पीअर एज्युकेटर, म्हणजे आपल्याच बायकांना समजावून सांगणाऱ्या, केलं. निरोध वाटणं, तपासणीला सोबत जाणं, पोलिसांनी त्रास दिला तर एकत्र होऊन जाब विचारणं, हे सगळं त्यांनी केलं. प्रोफेसर लोकांनी नकाशे काढले, आकडे मांडले, त्याची पण गरज होतीच म्हणा.

एचआयव्ही सोडून आणखी एक सांगते. आपल्या बेळगावच्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजचं अमेरिकेच्या संस्थांबरोबर जुनं काम आहे. बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव होऊ नये म्हणून मिसोप्रोस्टॉलची गोळी चालते का, हे बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यात १६२० बायकांवर बघितलं, गोळी द्यायला आपल्या एएनएम, म्हणजे गावात येणाऱ्या नर्स सिस्टर. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरनं ६.४ वर आलं, २००६ ला लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आलं, मग जगभर त्याचा दाखला दिला गेला. म्हणजे शिकणं काय एकाच बाजूनं नसतंय.

आता कॉलेजचं. टाय-अप म्हणजे नुसता एमओयू, म्हणजे कागदावरचा समजुतीचा करार पण असू शकतो, दोन सह्या, एक फोटो. यूजीसीचे २०२२ चे नियम आहेत, त्यात ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल असे तीन प्रकार, यातला आपला कुठला आणि डिग्री कोण देणार हे लेखी मागा. ट्विनिंगमध्ये डिग्री इथल्याच संस्थेची असते, तेवढ्यासाठी फॉरेनच्या नावाची फी भरू नका. फील्डवर्क किती, कुठल्या तालुक्यात, एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या गोळ्या देतात तिथं) पोस्टिंग आहे का, हे पण विचारा. उत्तर देताना ऑफिसवाले चाचरले की समजून घ्या. आणि रागावू नका, मुलगीला कन्नड बोलायला येतंय ना? भाषेचं राजकारण आपल्या जागी, पण सौंदत्ती-गोकाककडच्या पेशंटशी काउन्सेलिंग मराठीत कसं करणार ती?

प्रश्न : मी निपाणीचा, गोकुळ शिरगावला कंपनीत कामाला. एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत, इकडच्या सेंटरवर ओळखीचे लोक भेटतात, लाज वाटते. गोळ्या कोल्हापुरातनं मिळतील का? राज्य वेगळं आहे म्हणून विचारतो. – नाव नको

उत्तर : मिळतील की दादा. एआरटी हा देशाचा एकच कार्यक्रम आहे, २००४ पासनं फुकट, राज्य आडवं येत नाही. चालू सेंटरवर ट्रान्सफर मागा, कागद घ्या, तो कोल्हापूरच्या सेंटरला दाखवा. तब्येत स्थिर असेल तर एका वेळी जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळतात का तेही विचारा, म्हणजे सारखी रजा नको. कंपनीला सांगायची सक्ती नाही, २०१७ च्या कायद्यानं एचआयव्ही आहे म्हणून कामावरनं काढता येत नाही, तुमची माहिती तुमच्या परवानगीशिवाय कुणी फोडायची पण नाही. अडचण आली तर १०९७ ला फोन करा, फुकट आहे. फक्त ट्रान्सफरच्या गडबडीत एक दिवस पण गोळी चुकवू नका, हातात पुढचा साठा असल्याशिवाय जुनं सेंटर सोडूच नका.