तीन गर्भपात झाल्यावर एनके पेशींची तपासणी करावी का?

ताई, वहिनीचे तिन्ही गर्भ तिसऱ्या महिन्याच्या आतच गेले. आता डॉक्टर रक्तातल्या एनके पेशी (म्हणजे 'नॅचरल किलर', प्रतिकारशक्तीच्या 'मारक' पांढऱ्या पेशी) तपासायला आणि नवऱ्याच्या पांढऱ्या पेशींचं इंजेक्शन घ्यायला सांगतात. त्यासाठी तुरीचे पैसे घालावे का, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणेन, सध्या नको.

गर्भ अर्धा बापाचा, म्हणून आईचं शरीर त्याला परकं समजून फेकतं, हे ऐकायला पटतं. पण गर्भाशयातल्या एनके पेशी मारायला बसलेल्या नसतात. वारेच्या पेशींवरचं एचएलए-जी हे प्रथिन त्यांना इशारा देतं आणि त्या वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला मदत करतात. हातातून काढलेल्या रक्तातल्या एनके पेशी वेगळ्या. त्यांच्या आकड्यावरून गर्भाशयातलं काही कळत नाही. नवऱ्याच्या पेशींच्या इंजेक्शनची मोठी चाचणी १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली, तिच्यात फायदा दिसला नाही.

प्रतिकारशक्तीच्या बिघाडातलं नीट उपचार असलेलं कारण म्हणजे अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम. यात शरीराचीच प्रतिपिंडं वारेच्या पेशींना चिकटतात, तिथे सूज येते, गुठळ्या होतात. तपासण्या तीन: ल्युपस अँटीकोॲग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन, अँटी-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. पॉझिटिव्ह आली तर १२ आठवड्यांनी पुन्हा करायचीच, कारण साध्या तापानंतरही ती तात्पुरती पॉझिटिव्ह येते. आपल्याकडे लोक नेमकी ही दुसरी फेरी टाळतात. निदान पक्कं झालं तर कमी डोसची ॲस्पिरिन आणि पोटावर रोज हेपॅरिनचं (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं) इंजेक्शन, दोन्ही डॉक्टरांच्याच सल्ल्याने. मे महिन्यात ते टिनाच्या घरात उघड्यावर ठेवू नका, बर्फातही नको. पाकिटावरचं तापमान पाहा.

सोबत थायरॉईड, साखर, गर्भाशयाची सोनोग्राफी आणि आपल्या भागात सिकलसेल, दोघांचीही. वहिनीचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल विचारा. सेवाग्रामला किंवा नागपूरच्या मेडिकलला जाताना जुने सगळे कागद पिशवीत घ्या, आणि कोणती तपासणी तिथे होते हे आधी विचारून घ्या.

सुरुवातीचे निम्म्याच्या आसपास गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषाने होतात. त्यात वहिनीचा दोष नाही, हे सासूबाईंनाही सांगा. देव न करो, पुन्हा तसं झालंच तर पडलेला अंश गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवायला सांगा. तो सलाईनमध्ये ठेवायचा. फॉर्मेलिनमध्ये टाकला तर ती तपासणी होत नाही.