बार्बाडोसला पहिल्यांदाच व्हिला भाड्याने घेताय?

जरूर घ्या, हॉटेलपेक्षा मजा येते. फक्त आधी किनारा ठरवा, व्हिला नंतर. फोटोत सगळाच समुद्र निळा दिसतो, पण पूर्वेला, बाथशीबाकडे, अटलांटिक अक्षरशः अंगावर येतो. तिथे पोहायचं नावही काढू नका. मुलं बरोबर असतील तर पश्चिमेचा होलटाउनचा पट्टा बघा. महाग आहे, पण पाणी शांत.

नवखे हमखास फसतात ते इथे:

- रात्रीचं भाडं बघूनच खूश होतात. कर, सेवाशुल्क, अनामत धरून एकूण आकडा लेखी मागा. आणि डॉलर कुठला तेही विचारा. एका अमेरिकन डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर पडतात.
- जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम. भाडं उतरलेलं दिसतं आणि रद्द करायच्या अटी न वाचताच पैसे भरले जातात.
- 'खाजगी किनारा' म्हणून जादा मोजतात. तिथले किनारे सगळ्यांना खुले असतात!

गाडी डावीकडून, आपल्यासारखीच. परवाना मात्र तिथला तात्पुरता काढावा लागतो. किनाऱ्यावर मॅन्चिनीलची झाडं असतात, त्यांच्या चिकाने कातडी भाजते. पावसात त्यांच्याखाली थांबू नका. स्वयंपाकी, बोट वगैरे नंतर बघू, आधी तारखा कळवा.