मराठी शिकताना स्पेलचेक चालू ठेवावा की बंद?

मुलगी सातवीत, शाळा हिंदी माध्यमाची, मराठी लिहायला घरीच शिकतेय. मग लॅपटॉपवर स्पेलचेक ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय. तुम्ही इंदुरात, म्हणजे हिंदी भागात राहता, तेव्हा आधी हे बघा, की तो कुठल्या भाषेचा लावलाय. लिपी एकच, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. 'शक्ती' लिहा. लाल रेघ येऊन 'शक्ति' सुचवलं, तर स्पेलचेकचा कोश, म्हणजे शब्दांची यादी, हिंदीचा आहे. मग तो 'कवी', 'गुरू'सुद्धा ऱ्हस्व करायला लावणार. हिंदीत ते बरोबरच आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ.

कोश मराठीचा असेल तर रेघ असू द्या, आपोआप दुरुस्ती मात्र बंद करा. खरं नुकसान तिथे होतं. फोनवर इंग्रजी अक्षरांत जी-ए-आर-आय-बी दाबलं की 'गरीब' तयार मिळतं; वेलांटी पहिली की दुसरी, हे मुलीला ठरवावंच लागत नाही. वहीत मग 'गरिब'. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डमध्ये पहिली वेलांटी 'एफ'वर, दुसरी 'आर'वर, म्हणजे दर वेळी विचार करावा लागतो.

लिब्रेऑफिस रायटर या लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये शिफ्ट आणि एफ-७ दाबून रेघा घालवा, पानभर लिहू द्या, मग त्याच बटणांनी परत आणा. राइट क्लिक करायचं नाही, त्यात तयार उत्तर मिळतं. रेघ आलेला शब्द तिनं आधी स्वतः सुधारायचा, मग शब्दकोशात बघायचा आणि वहीत जोडीनं लिहायचा: बहीण–बहिणीला, फूल–फुलात, दूध–दुधात. 'बहीणीला' ही नेहमीची चूक. स्पेलचेक 'बहिणीला' सुचवेल, पण प्रत्यय लागला की उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व होतो, हे सांगणार नाही. आणि 'शरीराला' मात्र दीर्घच, कारण शब्द तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. हेही तुम्हीच सांगायचं.

दिन–दीन, सुत–सूत, शिर–शीर यांत गफलत झाली तर रेघ येत नाही, दोन्ही शब्द कोशात असतात.

उलट 'घरासमोरच्यांनासुद्धा' बरोबर असूनही लाल होऊ शकतो, कारण इतके प्रत्यय जोडलेली रूपं यादीत नसतात. हिंदीची सवय असलेली मुलं इथे हमखास 'घरा समोरच्यांना सुद्धा' असे तुकडे पाडतात. रेघ जाते, चूक राहते. शब्द जोडून लिहिलेला असेल आणि रेघ आली, तर तोडू नका. खात्री करून तो शब्द स्पेलचेकच्या कोशात घाला.