प्रार्थना करूनही उत्तराला उशीर होतो, चिडचिड होते. हा अविश्वास आहे का?

नाही. बायबलमधल्या स्तोत्र १३ मध्ये दावीद राजा देवाला ‘कोठवर?’ असं पुन्हा पुन्हा विचारतो, आणि तेही प्रार्थनेतच.

मला अशा वेळी बायबलमधला योसेफ आठवतो. १७ व्या वर्षी भावांनी विकलं, मिसरच्या राजासमोर, फारोसमोर, उभा राहिला तेव्हा वय ३०. त्यातली तुरुंगातली शेवटची दोन वर्षं वाचताना अजूनही जीव तुटतो. ‘माझी आठवण ठेव’ म्हणून तुरुंगातल्या ज्या प्यालेबरदाराला (राजाला पेय देणाऱ्या सेवकाला) विनवलं, तो सुटला आणि साफ विसरला! पण फारोला स्वप्न पडलं, तेव्हा त्याचा अर्थ सांगणारा योसेफ हाकेच्या अंतरावर होता. आधीच सुटला असता तर (हा माझा अंदाज) तो कनानात बापाकडे परतला असता.

तुरुंगातही तो हातातलं काम नीट करत राहिला. तुम्हीही आजचं काम करा, आणि रात्री देवाला ‘कोठवर?’ असं खुशाल विचारा.